गाडी नीट झाली की येते

आमची गाडी रात्रीतून बसायची. बंद पडायची असं नव्हे, अक्षरशः बसायची. या जातीच्या महागड्या गाड्यांना खाली स्प्रिंगांऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. गाडी नवी असते तेव्हा त्या फुग्यांमुळे आतल्या साहेबाला रस्त्यातला खड्डा कळत नाही. गाडी जुनी झाली की फुग्यांतली हवा हळूहळू निघून जाते. सकाळी अंगणात पाहावं तर आमची काळीभोर गाडी पोट जमिनीला टेकवून म्हशीसारखी बसलेली असायची. चालू केली की आधी मागून उठायची, मग पुढून. डेअरीला दूध घालायला निघालेली मंडळी हा सोहळा पाहायला मुद्दाम आमच्या फाटकाशी रेंगाळत.

"म्हैस घेतली असती," बायको म्हणायची, "तर ती बी अशीच बसली असती. पर दूध तरी दिलं असतं."

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नाही, गाडीच्या वयाचा आहे आणि थोडा माझा आहे. मी सुप्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाला माप लावायचं आणि 'चालेल' किंवा 'परत' म्हणायचं, एवढंच माझं काम. स्वतः मी एक खिळासुद्धा बनवला नाही. पण माणसाला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळाला की आपल्याला सगळंच येतं असं त्याला वाटायला लागतं. निवृत्त होऊन कोल्हारला घरी आलो तेव्हा मीही त्याच समजुतीत होतो.

गाडी मी घेतली ती तिच्या दाराच्या आवाजासाठी. कारखान्यात मोठे साहेब अशाच गाडीतून उतरायचे. ते दार लोटून चालू लागत आणि मागे नुसता 'थप्' असा आवाज येई, गादीवर उशी टाकल्यासारखा. आमच्या पिकअप आणि जीपगाड्यांची दारं आपटावी लागतात, तीही दोनदा. त्या 'थप्'साठी मी बरीच वर्षं झुरलो. नगरमध्ये जुन्या गाड्यांच्या दलालाने मला एका ठेकेदाराची वापरून चोथा केलेली गाडी दाखवली, तेव्हा मी इंजिन पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत. फक्त दार उघडून लावलं. आयुष्यभर तपासनीस राहिलेल्या माणसाने केलेली ही एवढीच तपासणी.

गाडी घरी आली आणि तिची सगळी दुखणी एकेक करून बाहेर पडू लागली. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येत, त्याही जर्मन भाषेत. ठेकेदाराने ती भाषा का ठेवली होती देव जाणे. कदाचित त्याला काय बिघडलंय हे कळूनच घ्यायचं नसावं. मागची काच खाली जायची आणि मग वर यायची नाही. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी तडकलेली होती. इंजिन तापायचं. नगरच्या मेकॅनिकांनी बोनेट उघडून आत पाहिलं आणि विहिरीत डोकावल्यासारखं करून पुन्हा लावून टाकलं. एकजण म्हणाला, "काका, हिला हात लावायचा म्हणजे आधी कॉम्प्युटर पाहिजे." तेव्हा मी ठरवलं की हिला आपणच हात लावायचा.

माझा गुरू म्हणजे मोबाईल. त्यावर एक दाढीवाला परदेशी गृहस्थ नेमकी हीच गाडी खोलून दाखवायचा. त्याची भाषा मला कळत नव्हती, पण हात कळत होते. त्याचा प्रत्येक बोल्ट एका झटक्यात सुटायचा. माझा प्रत्येक बोल्ट गंजलेला. तो जिथे बोटाने टिचकी मारायचा तिथे मी हातोडा घालायचो. त्याच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट होती. माझ्याकडे गोठ्यातली जुनी गव्हाण फोडून काढलेले दगड होते आणि त्यावर टेकवलेला जॅक. पहिल्यांदा गाडीखाली शिरलो तेव्हा बायको ओसरीवर येऊन बसली. मला वाटलं, कौतुकाने बसली. "न्हाई," ती म्हणाली, "दगड सरकला तर कुनीतरी बघाया पाहिजे."

माझ्या दुरुस्त्यांचं वर्णन मी नम्रपणे करतो. तडकलेल्या टाकीला मी चिकट लगदा लावला. तो राहुरीपर्यंत टिकला. मग ठिबक सिंचनाच्या नळीचे जोड वापरले, कारण ते आमच्याकडे घरोघरी पडलेले असतात. ठिबकचे जोड बिचारे थंड पाण्यासाठी बनलेले, ते उकळत्या पाण्याने मऊ होऊन गळून पडले. काचेची मोटार काढताना दाराच्या आतल्या अस्तराच्या सगळ्या खुंट्या मोडल्या आणि दार लावल्यावर 'थप्'च्या जागी 'खळ्ळ' असा आवाज यायला लागला. ज्याच्यासाठी लग्न केलं तेच गेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे मी लपवत नाही.

गावात माझ्या गाडीची चेष्टा रुळून गेली होती. कुणाला एखादं काम करायचं नसलं की ते म्हणत, "करू की, काकांची गाडी रस्त्याला लागू दे." तालमीची नवी खोली, पाझर तलावाचा गाळ, कुणाच्या तरी पोराचं लग्न, सगळं माझ्या गाडीवर अडलेलं होतं. मी हसायचो. हसण्यावारी नेल्याशिवाय गावात राहता येत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी सासू पाथर्डीच्या पलीकडच्या एका वाडीत राहते. तो सगळा भाग कोरडा. दसरा झाला की तिथली निम्मी गावं ऊसतोडीला निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात परततात. माझा मेहुणा आणि त्याची बायकोही जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं. गेल्या हंगामात सासूबाई हौदापाशी पाय घसरून पडल्या आणि कुणीतरी येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण बायकोचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. फोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघायची आणि मग फोन उचलायची. यंदा दसऱ्यानंतर आईला एकटीला तिथे ठेवायचं नाही, कोल्हारला आणायचं, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती.

सासूबाईंचा नकार ठरलेला होता. लेकीच्या घरी जाऊन राहायचं नसतं, लेकीचं खायचं नसतं, असं मानणारी त्यांची पिढी. पण लेक फोनवर रडायला लागली की त्यांनाही तोंडावर 'नाही' म्हणवेना. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, "एस्टीत मला मळमळतं बाई. जीपमदी तर कोंबत्यात. जावईबापूंची गाडी नीट झाली की येते. तिच्यात बसून येते बघ."

बायकोने फोन ठेवला आणि धावत अंगणात आली. मी गाडीखाली होतो. तिने माझा पाय धरून हलवला. "अहो, आई हो म्हनली!"

आमच्याकडे एखादा असं म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याला जेवायला यायचं नसतं तो 'येईन की' म्हणतो. ज्याला मुलगी पसंत नसते तो 'पत्रिका बघून कळवतो' म्हणतो. आणि माझ्या गाडीचा हवाला देऊन होकार म्हणजे काय, हे तर सगळा गाव जाणत होता. नवरा-बायको मिळून आम्ही दोघांनीच तेवढा तो शब्दशः घेतला. तिने मायेपोटी घेतला. मी घेतला तो अहंकारापोटी. माझी गाडी नीट होणार यावर भरवसा ठेवणारं जगात कुणीतरी निघालं होतं.

तेव्हापासून मी मन लावून काम केलं. लगदे आणि ठिबकचे जोड फेकून दिले. पुण्याच्या जुन्या बाजारातून अस्सल टाकी मागवली, पाण्याचा पंप मागवला, मागचे दोन्ही फुगे मागवले. पुढचे फुगे कुठे गळतात ते साबणाचा फेस लावून शोधलं आणि बुजवलं. बायको बादली घेऊन शेजारी उकिडवी बसायची आणि फेसात बुडबुडा आला की ओरडायची, "हितं हाय, हितं!" आधी जिला गाडीचं नाव काढलेलं खपत नव्हतं ती आता स्वयंपाक टाकून पाने-पक्कड आणून द्यायची. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही एका कामाला दोघं असं क्वचितच लागलो असू. मला ते दिवस फार आवडले.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं गाडी तापणं तेवढं राहिलं होतं. टाकी नवी, पंप नवा, तरी काटा वर चढायचा. शेवटी लक्षात आलं की पाण्याला वाट देणारी एक झडप मी उलटी बसवली होती. ती सुलटी केली. राहुरीला जाऊन आलो, काटा मधोमध. नगरला जाऊन आलो, काटा मधोमध. सकाळी उठून पाहिलं तर गाडी उभी. रात्रभर उभी राहिलेली गाडी पाहून मला भरून आलं. फाटकाशी दूधवाले थांबले, बसलेली गाडी दिसेना म्हणून जरा नाराज होऊन निघून गेले.

दसरा झाला, मेहुणा टोळीबरोबर गेला, आणि आम्ही पाथर्डीच्या वाटेला लागलो. बायकोने नवी चादर मागच्या सीटवर अंथरली होती आणि मुक्काम पडलाच तर म्हणून आपल्या कपड्यांची पिशवी डिकीत टाकली होती. आईसाठी घरातली पुढची खोली सारवून-पुसून ठेवली होती. वाटेत ती न थांबता बोलत होती. आई सकाळी कुठे बसेल, तिला ऊन कुठे येईल, तिच्या दातांना काय चालेल. गाडी इतकी मऊ चालली होती की मीही मधूनमधून हूं म्हणत होतो.

वाडीत आम्ही दाराशी जाऊन थांबलो. निम्म्या घरांना कुलपं. सासूबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या. आधी त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मग वाकून गाडीच्या खाली पाहिलं, ती जमिनीपासून किती वर आहे ते.

"नीट झाली व्हय?" त्या म्हणाल्या.

"झाली मामी," मी म्हणालो. "आता कुठेच थांबत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. हे 'बरं झालं' ज्या सुरात आलं तो सूर मी माणूस गेल्याचा निरोप आल्यावर ऐकलेला आहे. त्यांनी काहीच बांधून ठेवलेलं नव्हतं. आम्ही येणार हे माहीत असून एक गाठोडंसुद्धा नाही. त्या क्षणी मला तो होकार कळला, आणि मी पाने हातात घेतलेले सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले.

पण दिलेला शब्द मोडणारी ती बाई नाही. त्यांनी पाणी मारून चूल विझवली. कोंबड्या शेजारच्या म्हातारीकडे सोपवल्या. बायकोने लुगडी बांधली, औषधं घेतली, कुलूप लावलं. सासूबाई मागच्या सीटवर नव्या चादरीच्या कडेला बसल्या, सगळी सीट मोकळी असताना दाराला चिकटून. बायको पुढे माझ्या शेजारी. ती अजूनही बोलत होती, पण आता जरा मोठ्याने.

तिसगाव मागे पडलं, करंजी आली, आणि मग घाट लागला. आधी याच घाटात ही गाडी वाफा सोडत दगडाच्या आधाराने उभी राहिलेली आहे. आज ती वळणामागून वळण चढत होती. काटा मधोमध. शेजारून जाणाऱ्या टेम्पोच्या बोनेटमधून वाफ येत होती आणि आमची गाडी कुरकूरही करत नव्हती. अशा वेळी माणसाने काय करावं? मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो.

"कोल्हारला म्या आलेली हाय," मागून आवाज आला. वाडी सोडल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं. "लई वर्सं झाली. ही पोटात हुती. बैलांच्या टायरगाडीत बसून गेल्तो आमी, ऊस तोडाया. नदीच्या अंगाला पाचटाची कोपी घालून ऱ्हायलो हुतो. त्या टायमाला बी ह्याच घाटानं गेलो."

बायकोने वळून मागे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं, निदान कोल्हारचं ठाऊक नव्हतं.

"लई ऊस तोडला तितं," सासूबाई म्हणाल्या. "कोयता हुता हातात. कुनाचं फुकट खाल्लं न्हाई." मग थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलावं तसं: "आता रिकामं हात घिऊन तितंच जायाचं. खोलीत बसायचं आन् ताट येईल ते खायाचं."

मी आरशात पाहिलं. त्या रडत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. मला त्या गाडीचा राग आला. जिने कितीतरी वेळा नको तिथे दगा दिला ती आज का थांबत नव्हती? मी घाटभर काट्याकडे पाहिलं, तो हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चोख काम करून ठेवलं होतं आणि ते काम एका म्हातारीला ओढत नेत होतं.

वरच्या वळणापाशी चहाची टपरी आहे. तिथे तापलेल्या गाड्या उभ्या करायची जागा आहे. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, खाली उतरलो आणि बोनेट उघडलं. आत सगळं जागच्या जागी, कोरडं ठणठणीत. मी त्या निरोगी इंजिनाकडे बघत उभा राहिलो आणि तोंड शक्य तितकं वाईट केलं. ते सोपं गेलं.

"काय झालं?" बायको उतरून आली.

"तापली," मी म्हणालो. "पुढं नाही जायची. परत फिरावं लागेल. उताराने वाडीपर्यंत जाईल कशीबशी."

तिने आत पाहिलं. गेले काही महिने ती बादली घेऊन माझ्या शेजारी बसलेली होती. टाकी कोणती, पंप कोणता, गळतं कुठे, तापल्यावर काय होतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिने टाकीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग माझ्याकडे पाहिलं. आता ती ओरडणार, असं मला वाटलं. सारवलेल्या खोलीपासून सगळं ऐकून घ्यायची मी तयारी केली.

तिचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले आणि मागच्या दाराशी जाऊन म्हणाली, "आई, गाडी बिघडली."

"बिघडली?" सासूबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या सीटवर मागे टेकून बसल्या. "म्या म्हनलंच हुतं जुनी गाडी हाय म्हून. आवं, मग उनात कशाला उभं ऱ्हाताय जावईबापू? चला माघारी. पिठलं टाकते."

मी घाट उतरताना मुद्दाम हळू चालवली, मधूनमधून गचके देऊन. वाडीत पोचल्यावर सासूबाईंनी कुलूप उघडलं ते तरुण बाईसारखं. चूल पेटवली, कोंबड्या परत आणल्या, शेजारणीला हाक मारून गाडीची सगळी हकिकत सांगितली. बायको ओट्यावर बसून होती. मग उठली आणि डिकीतून स्वतःची पिशवी काढून आत नेऊन ठेवली.

"मी ऱ्हाते हितं," ती मला म्हणाली. "दादा पट्टा पडून येईस्तवर. आईनं घालावं आन् म्या खावं. त्याला तर तिची ना न्हाई." मग हळूच म्हणाली, "तुमची खिचडी तुमी करा."

गाडी एकट्याने कोल्हारला आणली. झकास आली. गावात विचारलं, सासूबाई कुठायत? म्हटलं, करंजी घाटात गाडी तापली. लोक मनापासून हसले, आणि तालमीच्या खोलीचं काम पुन्हा माझ्या गाडीवर ढकललं गेलं. जन्मात जमलेली एकुलती एक दुरुस्ती मला कुणाला सांगता येत नाही, आणि हे मला फार लागतं.

गाडी अंगणात आहे. रोज सकाळी ताठ उभी असते. मी दर शनिवारी एसटीने पाथर्डीला जातो, बहुतेक वेळा नगरपर्यंत उभ्याने. वाडीत पोचलो की सासूबाई आधी पाणी देतात, मग ताट वाढतात. बायको शेजारी बसून जेवते. ती थोडी जाड झालीय. वाढता वाढता सासूबाई विचारतात, "गाडीचं काय म्हंतंय?"

"काम चालूय मामी," मी सांगतो.

"लई घाई करू नगा," त्या म्हणतात, आणि न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकतात.